मूळे

हाड सहा दिवस आम्लात होतं.
सातव्या दिवशी टाचणी टोचून पाहिली,
शिजलेल्या रताळ्यात जाते तशी गेली.
बरणीला चिकटपट्टी, तिच्यावर निळ्या पेनानं :
तुळसा मष्णू गाडी, ६४, गर्लगुंजी. उजवा गुडघा.

मी पेशंट बघत नाही. मी काप काढतो.
मेणात बसवलेलं हाड, पातं,
केसाहून बारीक चकत्या
कोमट पाण्यावर सुरकुती सोडत जातात.
बाहेर टिळकवाडीचं दुसरं गेट पडलेलं,
हॉर्नवर हॉर्न.
माझा हात हलत नाही.

सगळे म्हणतात कूर्चा झिजली, वंगण संपलं,
जणू बाई म्हणजे सायकल.
मी भिंगाखाली खालून वाचत येतो, हाडाकडून वर.
तिथं आधीच बरंच घडून गेलेलं असतं.

खाणाऱ्या पेशी काठ कुरतडून गेल्यात,
एकेकीच्या पोटात पाच-पाच, सहा-सहा केंद्रकं.
त्यांच्या मागोमाग बांधणाऱ्या, ओळीनं,
पावसाआधी भट्टी उरकायची म्हणून धावल्यासारख्या
नको तिथं थर चढवत. जाड, पण कच्चा.
कडेला शिंगं फुटलीत.

आणि या दोघींना कामाला लावणाऱ्या तिसऱ्या,
हाडातच गाडल्या गेलेल्या,
एका खोलीत एकच,
भिंतीतून बारीक बारीक हात घालून
शेजारणीची बोटं धरून बसलेल्या.
वजन कळतं ते यांना.
डोक्यावर कौलं किती, माती तुडवताना पाय किती खोल,
उन्हातल्या खेपा, उतारावरच्या खेपा.
कितीतरी खोल्या आता रिकाम्या.
रिकाम्या खोलीतून निरोप पुढं जात नाही
की भलताच जातो,
मला माहीत नाही. विचारलं तर सरही खांदे उडवतात.

हाड आणि कूर्चा यांच्या मध्ये एक जांभळी रेघ असते.
धडधाकट गुडघ्यात एकच.
इथं दोन. एका ठिकाणी तीन.
हाड वर सरकलं, रेघ पुन्हा मारली गेली,
जुनी कुणी पुसली नाही.
रेघांबद्दल आमच्या गावात मी जास्त बोलत नाही.

बिरादारसर म्हणतात, मूळे नोडू. हाड बघ.
त्यांच्यात मूळे म्हणजे हाड.
आमच्यात, कशामुळे, कुणामुळे.
बारा वर्षं दोन्ही एकाच कानानं ऐकतोय,
आणि रिपोर्टात कारणाचा रकाना नाही.

दीड महिन्यानं ती स्वतःच आली, वॉकर ठोकत.
"माझं हाड तुमच्याकडं हाय म्हणं."
बरणी धुऊन पालथी घातली होती. काच आहे, म्हटलं.
स्टुलावर बसवली.
आधी तिला स्वतःच्याच पापण्या दिसल्या,
मग नुसतं गुलाबी,
मग बराच वेळ काही बोलली नाही.

"मुंग्या हायत की रे."
पेशी, म्हटलं. हाडाच्या.
"जित्या हुत्या?"
होत्या.
"एवढी जणं आत हुती?
आणि मुकादम म्हणायचा,
एकट्या बाईच्यानं काय हुतंय."

डाव्या गुडघ्यावर तिचा हात गेला. तो अजून तिचाच.
"ह्यात बी असतील."
असतील.
"दुखूलालंय खरं," म्हणाली,
मला नाही, खाली बघून.

खानापूरची बस साडेपाचला होती.
उठताना तिनं मला काचेवरचं नाव वाचायला लावलं.
"गाडी न्हवं बाबा. घाडी."
मी नवी पट्टी कापली, नीट अक्षरात लिहिली,
आणि जुनी न काढता
तिच्यावरच चिकटवली.